ब्रशने झाडलेला उंबरठा

साम्राज्यं तलवारीच्या बळावर उभी राहतात, व्यापारावर पोसली जातात आणि आपसातल्या कलहाने ढासळतात, असा इतिहासाचा अबाधित सिद्धान्त आहे. आमच्या ओकतोश गावच्या टेकडीवरचं ग्रीकांचं साम्राज्य मात्र एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, ओयदिनचा पाय घसरल्यामुळे ढासळलं. त्या वेळी तिच्या डोक्यावर अकरा गरम नान होते.

चूक तिची नव्हती. टेकडीवरून सीमेवरच्या चौकीकडे जाणारी पायवाट ती डोळे मिटूनही चालली असती. आदल्या आठवड्यापर्यंत त्या वाटेवर लाल रानफुलं होती. आज फुलांच्या जागी चौकोनी, पुरुषभर खोल खड्डा होता. ओयदिन त्यात बसल्या बसल्या उतरली, परात दोन्ही हातांनी उंच धरून. सात नान परातीत राहिले, चार इतिहासात पडले.

“हलू नका!” खड्ड्याच्या कोपऱ्यातून एक पुरुषी आवाज ओरडला.

ओयदिन उठून उभी राहिली होती ती तशीच थिजली. एप्रिल म्हणजे साप बिळाबाहेर यायचा महिना.

“कुठे आहे?” तिने ओठही न हलवता विचारलं.

“तुमच्या पायाखाली.”

“केवढा… आहे?”

“साडेचार मीटर दिसतोय. पुढे आणखी असावा.”

ओयदिनने डोळे मिटले. वडिलांना, खाला म्हणजे मावशीला, उरलेल्या सात नानांना तिने मनातल्या मनात निरोप दिला. “विषारी?”

“अं? अहो, पट्टा आहे फरशीचा! गारगोट्यांची नक्षी, बावीसशे वर्षांची. आणि तुम्ही… म्हणजे राग नका मानू… माशाच्या डोळ्यावर उभ्या आहात.”

तिने डोळे उघडले. समोर एक तरुण गुडघ्यांवर बसला होता. नाकाचं साल निघालेलं, पापण्यांवर धूळ, आणि सुतार पेन्सिल अडकवतो तसा कानावर रंगाचा ब्रश. तिला लागलं का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण त्याने पडलेले चारही नान एकेक करून उचलले, ओठांना लावले, कपाळाला लावले आणि परातीत उताणे ठेवले. कुणाच्या तरी आईने वळण लावलेलं दिसत होतं. ओयदिनचा राग निम्म्यावर आला.

“ह्या एकाला शेपटी चिकटली आहे,” तो म्हणाला आणि नानच्या पाठीतून तीन गारगोट्या नखाने सोडवून त्याने खिशात ठेवल्या. “मी दोनियोर. ताश्कंदहून आलोय.”

“ते कळलंच. इथला माणूस चालत्या वाटेत खड्डा खणत नाही.”

“मी खणला नाही. खड्डा आधीपासूनच होता. त्यात फक्त माती पडली होती.”

ओयदिनने परात त्याच्या हातात दिली आणि ती स्वतः खड्ड्याबाहेर चढली.

*

ग्रीकांचं जुनं शहर शोधायला आलेल्या खोदकामावरच्या माणसांना नान लागत. गावात तंदूर पुष्कळ, पण दोनियोरचे पाय रोज सकाळी एर्गाश-अकांच्या घराकडेच वळायला लागले. एर्गाश-अका म्हणजे ओयदिनचे वडील. खरबुजांची शेती, एक गाढव, आणि बोलणं दिवसाला मोजून वीस शब्द. बायको गेल्यापासून त्यांचं घर मेव्हणीच्या, म्हणजे नोरबीबी-खालाच्या जिभेवर चालत होतं आणि ते व्यवस्थित चालत होतं.

नान न्यायला आलेल्या माणसाला चहा न पाजता कसं पाठवायचं? आणि चहा म्हटला की त्याची एक भाषा असते. पाहुण्याचा पियाला जितका कमी भरावा तितका त्याचा मान मोठा. पुन्हा पुन्हा भरावा लागतो, पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरून दिला की समजायचं, प्या आणि निघा. पहिल्या दिवशी ओयदिनने अर्धा पियाला दिला. चौथ्या दिवशी पाव. दहाव्या दिवशी दोनियोरने पियाला उजेडात धरून पाहिला.

“आज तर नुसता तळ ओला केलाय.”

“घाई आहे का?”

“नाही.”

“मग?”

मग काही नाही. तो दोन घोटांचा चहा पाऊण तास पीत असे.

“एवढे लांबून तुमचे ग्रीक इथे येऊन करत काय होते?” तिने एकदा विचारलं.

“सीमेची राखण.”

“म्हणजे आमच्या चौकीतल्या जवानांसारखीच. दिवसभर आमू नदीकडे बघायचं आणि पत्ते कुटायचे.”

“फासे. हाडाचे. चौदा सापडलेत. त्यांतले तीन लबाडीचे आहेत.”

“आणि त्यांच्या बायका?”

“बायका… त्यांनी इथल्याच केल्या.” दोनियोरचे कान लाल झाले.

“कशा?” ओयदिनने अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं.

“त्याबद्दल अजून… पुरावा मिळालेला नाही.”

“शोधा की मग,” ती म्हणाली आणि पियाल्यात आणखी दोन थेंब टाकले.

अशा माणसाच्या मनात काय आहे, हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं? खूण मिळाली ती पावसाच्या दिवशी. पाऊस कसला, नदीवरून आलेली झिरझिर; पिसासारखी चेहऱ्याला गुदगुल्या करणारी. ओयदिन नवे लाल रबरी बूट घालून उंबरठ्यावर उभी होती आणि दोनियोर अंगणात, डोक्यावर नानची रिकामी परात धरून. बोलता बोलता तो थांबला. त्याची नजर खाली गेली… आणि तिथेच राहिली. तिच्या पावलांवर.

“ओयदिन,” त्याचा आवाज घोगरा झाला होता, “जरा… डावा पाय उचलता?”

तिच्या कानांत तंदूर पेटला. तिने पाय उचलला.

“आता उजवा…?”

तिने तोही उचलला. तेवढ्यात नोरबीबी-खाला बाहेर आल्या. भाची दारात करकोच्यासारखी एका पायावर, आणि ताश्कंदचा विद्वान पावसात भिजत तिच्या पायांकडे पाहतोय. खालांच्या हातातली किटली खाली पडली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ओयदिनला जाग आली ती आवाजाने. खर्र… खर्र… दाराबाहेर कुणीतरी झाडत होतं.

आता, ओकतोशमध्ये दुसऱ्याच्या दारात पहाटे कुणी विनाकारण झाडत नाही. मुलगी मागायची तर मुलाची आई तीन पहाटे येऊन मुलीचा उंबरठा झाडते. झाडणारीने एक शब्द बोलायचा नाही, घरच्यांनी पाहिलं तरी पाहिलं नाही असं वागायचं. तिसऱ्या दिवशी घरचा कर्ता दार उघडतो. त्याने झाडू हातातून घेऊन घरात नेला की सोयरीक ठरली. तसाच परत हातात दिला की, जशा आलात तशा जा. इतर गावांतून ही रीत कधीच गेली. आमच्याकडे राहिली, कारण आमच्याकडे धूळ फार.

ओयदिनने खिडकीच्या फटीतून पाहिलं. बाहेर कुणाचीही आई नव्हती. स्वतः दोनियोर होता.

“स्वतः!” खालांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “जिवंत आई असताना स्वतः! अगं बाई… ही ताश्कंदची पोरं!”

“खाला, हळू.”

“हळूच बोलतेय. तुझ्या खालूंनी मला मागायला आईला पाठवलं होतं आणि तिने फावड्याने माती ढकलली होती. हा बघ कसा कडेकडेने…”

दुसऱ्या दिवशी त्याने खराटा भिंतीला टेकवून ठेवला आणि रंगाचा ब्रश काढला. गुडघे टेकून बसला आणि उंबरठ्याच्या दगडावरून बोटभर रुंदीने ब्रश फिरवत राहिला. सूर्य उगवेपर्यंत. शेजारच्या चार खिडक्या किलकिल्या झाल्या. असं झाडणं गावाने पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून दात घासायचा ब्रश काढला.

खालांना बसावं लागलं. “दात घासायच्या…! पोरी, ह्या माणसाला नाही म्हटलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.”

तीन पहाटे ओयदिन खिडकीच्या फटीला डोळा लावून बसली होती. एवढ्या हळुवार हाताने जो दगड पुसतो, तो… पुढचा विचार तिने तीन दिवस पुन्हा पुन्हा केला होता आणि दर वेळी तो अर्धाच ठेवला होता, त्याच्या चहासारखा.

एर्गाश-अकांनी टोपी नीट केली आणि दार उघडलं. शेजाऱ्यांनीही आपापली दारं त्याच क्षणी उघडली. दोनियोर चपापून उठला. त्याचा खराटा भिंतीला टेकला होता. अकांनी तो उचलला, घरात पाऊल टाकलं आणि मागून खालांनी ओंजळभर गोळ्या-मिठाई त्याच्या डोक्यावर उधळली. एक बदाम थेट त्याच्या डोळ्यावर बसला.

“अका,” दोनियोर डोळा चोळत म्हणाला, “मी आधीच सांगायला हवं होतं. पण मागे एका गावात मी एकाला सांगितलं, तुमची गव्हाण ग्रीकांची आहे, तर त्याने रात्रीतून ती पुरून टाकली. म्हणून म्हटलं, आधी खात्री करू. तुमच्या उंबरठ्यावर… अक्षरं आहेत.”

“असतील. माझ्या आजोबांनी टेकडीवरून आणलाय. तुमचे आईवडील कधी येतायत?”

“आईवडील? ते… कशाला?”

गोळीचा एक कागद वाऱ्याने गल्लीभर सरकत गेला. दोनियोरने अकांच्या हातातला खराटा पाहिला, खालांच्या हातातली मिठाई पाहिली, सहा उघड्या दारांतली चौदा माणसं पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला. बावीसशे वर्षांपूर्वी माणसं कशी जगत होती, हे ज्याला तोंडपाठ होतं, त्याला काल-परवाचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

हे सगळ्यांच्या आधी ओयदिनच्या लक्षात आलं. तीन पहाटे तो तिच्या दारात नव्हता. तो एका दगडाच्या दारात होता. पावसातही तो तिच्या पायांकडे पाहत नव्हता; तिचे पाय मधे येत होते.

आता तो बोलला असता. “गैरसमज झाला,” असं काहीतरी, सगळ्यांदेखत. ओयदिन पुढे झाली. तिने वडिलांच्या हातातून खराटा घेतला, तो दोनियोरच्या हातात दिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “नाही.”

मुलीने स्वतः झाडू परत दिल्याचं ओकतोशच्या माहितीत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने काठी टाकली. खालांनी उरलेली मिठाई स्वतःच्याच तोंडात टाकली.

*

पुढचे आठ दिवस गाव दोनियोरचं सांत्वन करत होतं. वाटेत म्हातारे त्याच्या पाठीवर हात ठेवत. चौकीतल्या जवानांनी त्याला मासे पाठवले. “पोरी नाही म्हणतात हो. मला दोघींनी म्हटलं होतं,” असं त्याला न्हाव्याने फुकट दाढी करता करता सांगितलं. खरं काय ते त्याला कुणालाच सांगता येईना. सांगितलं असतं तर ओयदिनला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

नवव्या दिवशी तो तंदूरपाशी आला. ओयदिनने त्याच्याकडे न बघता पियाला भरला. अगदी काठोकाठ.

दोनियोर त्या पियाल्याकडे पाहत राहिला. ही भाषा त्याला येत होती.

“तुम्ही मला वाचवलंत, ओयदिन.”

“मी मला वाचवलं. चहा घ्या.”

“तुम्हाला खरंच वाटलं होतं… की मी…”

“तीन दिवस वाटलं होतं. आता नाही वाटत.”

“मला ती रीत माहीत नव्हती. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. तिथे झाडायला बाई येते.”

“माहीत असती तर?”

दोनियोरची बोटं भाजत होती तरी त्याने पियाला खाली ठेवला नाही.

“तुमचं बरोबर आहे,” ओयदिन पीठ मळता मळता म्हणाली. “मेलेली माणसं सोयीची. त्यांच्या उंबरठ्याला हात लावला तर कुणी दार उघडत नाही.”

दोनियोरने तो चहा उभ्या उभ्या, एका दमात संपवला. डोळ्यांत पाणी आलं. चहा कढत होता, हे खरं. पण तेवढा कढत नव्हता.

*

दगड आता काही गुप्त राहिला नव्हता. गावाला उत्सुकता होती, त्यावर लिहिलंय काय? राजाचं नाव असेल, खजिन्याचा पत्ता असेल. दोनियोरला वाटत होतं, शहराचं नाव असेल. कारण एवढं शहर खणून काढलं तरी त्याला हाक काय मारायची हे कुणालाच माहीत नव्हतं. तीन वर्षांचा त्याचा अभ्यास त्या एका नावावर अडला होता. शुक्रवारी नमाजानंतर सगळे एर्गाश-अकांच्या दारात जमले. अकांनी आपलं गाढव नेहमीच्या खुंटीला बांधलं, दाराशेजारी, आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

दोनियोरने गुडघे टेकले आणि अक्षरांत अडकलेली शेवटची माती ब्रशने काढली. पहिली ओळ मनात वाचली. दुसरी वाचली. मग पुन्हा पहिली वाचली. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

“वाचा की मोठ्याने!” खाला म्हणाल्या.

“लिहिलंय की…” त्याने घसा साफ केला. “‘ह्या दारासमोर गाढवं बांधू नयेत. बाजार-अधिकाऱ्यांच्या हुकुमावरून.’”

सगळ्यांच्या माना गाढवाकडे वळल्या. बावीसशे वर्षं हा हुकूम चालू होता आणि गावात कुणाला पत्ता नव्हता.

“बांधणार,” एर्गाश-अका म्हणाले.

दारातून फिसकन आवाज आला. ओयदिन ओढणी तोंडात कोंबून हसत होती. नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदा. दोनियोरने मान वर केली. तीन वर्षांची मेहनत गाढवाच्या खुंटीला लागली होती, त्याने निदान हळहळायला तरी हवं होतं. पण तो तिच्याकडेच बघत बसला, इतका वेळ की खालांना दोनदा खाकरावं लागलं.

पुढल्या सोमवारी तेर्मेझ शहरातल्या संग्रहालयाचा ट्रक आला. ग्रीक अक्षरं ती ग्रीक अक्षरं. शहाणपणाची असोत की गाढवाची. चार माणसांनी पहारीने दगड उचकटला, गोणपाटात गुंडाळला आणि ट्रकवर चढवला. दोनियोर त्याच्या शेजारी बसून तेर्मेझला गेला. एर्गाश-अकांच्या दारात आता दोन हात लांब, ओलसर, गांडुळांचा खड्डा उरला होता.

“गेला,” खाला म्हणाल्या.

“दगड होता, जाणारच,” ओयदिन म्हणाली. त्या दिवशी तिचे सगळे नान करपले.

*

गुरुवारी पहाटे आवाज आला. खर्र… खर्र…

ओयदिन अंथरुणात उठून बसली. आवाज थांबला नाही. ती अनवाणीच खिडकीशी गेली. बाहेर दोनियोर होता. कपड्यांवर रस्त्याची धूळ, हातात नवा कोरा खराटा, आणि दगड होता त्या रिकाम्या जागेवरून तो इकडून तिकडे, तिकडून इकडे झाडत होता. तिथे झाडण्यासारखं काहीही नव्हतं. माती होती, ती झाडली की खालून आणखी मातीच निघत होती.

ओयदिनने खिडकी उघडली. हे रीतीत बसत नव्हतं. पण ह्या सोयरिकीत रीतीने झालं होतंच काय?

“दगड तेर्मेझला आहे,” ती म्हणाली.

तो काही बोलला नाही. झाडणाऱ्याने बोलायचं नसतं. एवढं आता त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

“खाली आणखी अक्षरं आहेत, असं वाटतंय का तुम्हाला?”

खराटा थांबला. नाही.

“म्हणजे इतिहासासाठी आला नाहीत?”

खराटा थांबलेलाच. तिने खिडकीची चौकट घट्ट धरली.

“मग… माझ्यासाठी?”

खर्र, खर्र, खर्र, खर्र! खराटा असा सुटला की त्याच्या दोन काड्या उडाल्या, धुळीचा लोट उठला, गाढव शिंकलं, आणि त्या लोटाच्या पलीकडे दोनियोरचा चेहरा तिला दिसेनासा झाला. ओयदिनच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ होतीच, पण तेवढी नव्हती.

“उद्याही याल?”

खर्र.

“परवा?”

खर्र… खर्र. अगदी हळू. दात घासायच्या ब्रशने पुसावं इतकं हळू.

तिच्या मागे कुणीतरी उभं होतं. एर्गाश-अका. पाहिलं तरी पाहिलं नाही असं वागायचं, हा नियम त्यांनी बराच वेळ पाळला. मग ते मुलीच्या शेजारी आले, खिडकीतून मान बाहेर काढली, झाडलेली जागा डोळे बारीक करून नीट पाहिली, आणि धुळीच्या दिशेने म्हणाले,

“तीन दिवस येणारच आहात, तर रोज थोडं थोडं कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत झाडत न्या.”